डोक्याला मार लागल्यानंतरचा राग

प्रश्न : माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून कपाळाला जबर मार लागला. हातपाय, बोलणे, स्मरणशक्ती सारे पूर्ववत झाले. पण कधी आवाज न चढवणारे हे आता आमटीत मीठ कमी पडले तरी ताट भिरकावतात आणि मागच्या महिन्यात मुलाच्या अंगावर धावून गेले. एमआरआयच्या अहवालात मेंदूच्या पुढच्या भागात जुन्या इजेचे व्रण असल्याचे लिहिले आहे. सासरचे म्हणतात, मूळचा स्वभावच आता बाहेर पडला. हे खरे मानावे का?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, तसे मानू नये. डोळ्यांच्या खोबणींच्या वर कवटीचा तळ खडबडीत असतो. डोके जोरात आदळले की मेंदू पुढे सरकून नेमका तिथे खरचटतो. धोका किंवा अपमान जाणवताच मेंदूच्या आतील अमिग्डाला हा लहानसा भाग क्षणात भडका उडवतो, आणि त्या भडक्याला आवर घालण्याचे, परिणामांचा विचार करून हात मागे घेण्याचे काम बरेचसे या खरचटलेल्या पुढच्या भागाकडे असते. म्हणूनच असा राग क्षुल्लक कारणावरून, काही न ठरवता उसळतो, लवकर ओसरतो आणि अनेकदा मागे पश्चात्ताप ठेवून जातो. हातपाय धडधाकट दिसत असल्यामुळे घरच्यांना ही इजा इजा वाटतच नाही, हे या रुग्णांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे मोठे दुःख आहे.

व्हिएतनाम युद्धात मेंदूला इजा झालेल्या 279 अमेरिकी सैनिकांची इजा न झालेल्या 57 सैनिकांशी तुलना करणारा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या पुढच्या भागात, तळाकडे आणि मध्याकडे इजा झालेल्यांमध्ये आक्रमकता अधिक आढळली. मात्र ती मुख्यतः वादावादी आणि धमक्यांच्या रूपात होती, मारहाणीच्या नव्हे. अशी इजा असूनही शांत राहणारे पुष्कळ असतात. त्यामुळे इजेने शक्यता वाढते, एवढेच ठामपणे म्हणता येते. 1966 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार करणाऱ्या चार्ल्स व्हिटमनने मृत्यूनंतर आपला मेंदू तपासावा असे लिहून ठेवले होते, आणि शवविच्छेदनात खरोखरच गाठ सापडली. तरीही तज्ज्ञांच्या समितीने गाठीचा हातभार लागला असण्याची शक्यता तेवढी मान्य केली, स्पष्ट संबंध मात्र जोडला नाही. तो सावधपणा मला योग्य वाटतो.

तुमच्या बाबतीत तातडीचा प्रश्न उपचारांचा आहे. यजमानांना फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत का, ते आधी पाहा. अपघातानंतर सर्रास दिली जाणारी लेव्हेटिरासेटॅम ही गोळी काही रुग्णांमध्ये स्वतःच चिडचिड आणि आक्रमकता वाढवते, आणि डॉक्टर तिच्याऐवजी दुसरी देऊ शकतात. ती स्वतःहून मात्र कधीही बंद करू नका, कारण फिट उलटण्याचा धोका असतो. अपुरी झोप, डोकेदुखी, नैराश्य आणि दारू ही कारणेही तपासून घ्यावीत. अशा मेंदूला थोडीशी दारूही सोसत नाही. प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबावरील जुन्या औषधाचा अशा रागावर अनेकांना उपयोग होतो, पण दमा असल्यास ते चालत नाही. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्यांनी कधी कधी उरलासुरला संयमही सुटतो.

राग चढताना वाद घालू नका, टीव्ही बंद करा, मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी जा. इजेमुळे राग समजून घेता येतो, मार सोसणे तुमच्यावर बंधनकारक होत नाही; हात उगारला गेला तर घरातील जबाबदार माणसाला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना एमआरआय, सर्व औषधांच्या चिठ्ठ्या आणि राग केव्हा, कशावरून आला याची पंधरा दिवसांची नोंद सोबत न्या, आणि अपघातापूर्वीचे यजमान ज्यांनी जवळून पाहिले आहेत अशा एखाद्या दिराला किंवा मित्रालाही बरोबर घ्या.