‘ॲपल ऑफ माय आय’मधलं ॲपल आणि डोळ्यातली बाहुली

प्रश्न असा आहे : ‘ॲपल ऑफ माय आय’ म्हणजे अत्यंत लाडकी व्यक्ती, पण डोळ्यात सफरचंद आलं कुठून? मराठीत त्याला काय म्हणावं? आणि ‘टर्न अ ब्लाइंड आय’ (दिसत असून न पाहणं) हा वाक्प्रचार ब्रिटिश नौसेनानी नेल्सनमुळे आला, हे खरं का?

हे सफरचंद नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘ॲपल’ हा शब्द कोणत्याही फळाला आणि फळासारख्या गोल वस्तूलाही चालत असे. डोळ्याच्या मधोमध दिसणारा काळा ठिपका हा भरीव गोळा आहे, असा तेव्हाचा समज होता, म्हणून तो डोळ्याचं ‘ॲपल’. नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या एका धार्मिक ग्रंथाच्या भाषांतरात हा शब्द याच शारीरिक अर्थाने येतो. जर्मन ‘आउगआपफेल’ म्हणजे आजही नेत्रगोलक, आणि डच ‘ओखआपल’ म्हणजे लाडका जीव. प्रत्यक्षात बाहुली हा गोळा नाही, ते बुबुळाच्या मधलं छिद्र आहे. उजेडात ते साधारण 2 मिलिमीटरपर्यंत आकसतं, अंधारात 8 मिलिमीटरपर्यंत पसरतं.

लाडकेपणाचा अर्थ आला तो बायबलमुळे. ‘डोळ्यातल्या ॲपलसारखं मला जप’ अशी प्रार्थना 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये आहे (स्तोत्र 17:8). मूळ हिब्रूत तिथे कोणतंही फळ नाही. तिथला शब्द आहे ‘ईशोन’, त्याचा अर्थ सहसा ‘छोटा माणूस’ असा लावतात. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहा, आपलीच इवलीशी आकृती दिसते. तोच हा छोटा माणूस.

आणि इथे आपली मराठी किती नेमकी आहे पाहा! आपण त्या ठिपक्याला बाहुलीच म्हणतो. संस्कृत ‘कनीनका’चे अर्थ मुलगी आणि डोळ्यातली बाहुली. ग्रीक ‘कोरे’चेही तेच दोन अर्थ. लॅटिन ‘प्युपिला’ म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. त्यातूनच इंग्रजीत बाहुलीसाठी ‘प्युपिल’ आला. शाळेतला ‘प्युपिल’ही त्याच कुळातला, कारण ‘प्युपिलस’ म्हणजे पालकाच्या देखरेखीखालचं पोरकं मूल. दूरदूरच्या भाषांना एकच गोष्ट दिसली. इंग्रजी, जर्मन आणि डचने मात्र फळ पाहिलं.

म्हणून ‘माझ्या डोळ्यातलं सफरचंद’ असं भाषांतर कधीच करू नये. मराठीत प्रसंग पाहून शब्द निवडावा लागतो. अनेकांच्या आवडीचा खेळाडू किंवा नट असेल तर ‘गळ्यातला ताईत’. स्वतःचं लेकरू असेल तर ‘काळजाचा तुकडा’. बायबलमधला ‘जपण्या’चा अर्थ हवा असेल तर ‘तळहातावरच्या फोडासारखं जपणं’ सर्वांत जवळचं, कारण नाजूक, धक्का लागू नये असा अवयव हीच तिथलीही कल्पना आहे.

आता नेल्सन. 2 एप्रिल 1801, कोपनहेगनची लढाई. नेल्सनचा वरिष्ठ, सरसेनानी हाइड पार्करने 39 क्रमांकाचा संकेत फडकवला : लढाई थांबवा. 1794 साली कॉर्सिकातल्या काल्वी इथे नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. त्याच डोळ्याला दुर्बीण लावून त्याने कॅप्टन फोलीला सांगितलं, की मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं असण्याचा मला हक्क आहे, आणि संकेत मला खरंच दिसत नाही. जहाजावर हजर असलेल्या कर्नल स्ट्यूअर्टच्या आठवणींतून हा प्रसंग आपल्यापर्यंत आला. म्हणजे वाक्प्रचाराशी तो घट्ट जोडला गेला हे खरं, पण ‘टर्न अ ब्लाइंड आय’ हे शब्द त्याच्या तोंडचे नाहीत. चित्रपटांत दिसते तशी डोळ्यावरची काळी पट्टीही तो बांधत नसे.

याला मराठीत ‘डोळेझाक’ चपखल बसतं : माहीत आहे, अधिकारही आहे, तरी मुद्दाम पाहायचं नाही. ‘दुर्लक्ष’ नकळतही होतं, म्हणून ते तोकडं पडतं. ‘कानाडोळा’ सल्ला किंवा बारीकसारीक चुकांसाठी ठीक. ‘डोळ्यांवर कातडं ओढणं’ यात निर्लज्जपणाची छटा येते. पण ते आपल्याच डोळ्यांवर ओढायचं असतं. इंग्रजीत दुसऱ्याच्या डोळ्यांवर लोकर ओढतात, म्हणजे त्याला फसवतात, तिथे ‘डोळ्यांत धूळ फेकणं’ लिहावं.

जाता जाता ‘सी आय टू आय’. बायबलमधल्या यशया 52:8 मध्ये पहारेकरी प्रभूचं येणं समोरासमोर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील, एवढाच त्याचा अर्थ होता. ‘एकमत’ हा अर्थ नंतरचा. शब्दशः भाषांतर केलं तर मराठीत भलतंच होतं, कारण डोळ्याला डोळा भिडवतो तो आव्हान देणारा, आणि डोळ्याला डोळा लागतो तेव्हा माणूस झोपलेला असतो. ‘त्यांचं पटतं’ किंवा ‘पटत नाही’ एवढं पुरेसं आहे.