लिपॉइड प्रोटिनोसिस या आनुवंशिक आजारात तोंडात आणि शरीरात इतर ठिकाणी काय लक्षणं दिसतात?

तोंडातलं मुख्य लक्षण म्हणजे जीभ जाड, कडक होते आणि नीट बाहेर काढता येत नाही, कारण जिभेखालची पट्टीसुद्धा जाड आणि आखूड होते. ओठांच्या आतून पिवळसर-पांढरे खडबडीत थर दिसतात, आणि लाळेची नळी दबली तर कानापुढची लाळग्रंथी पुन्हा पुन्हा सुजते. पण बहुतेकदा सगळ्यात आधी लक्षात येतो तो आवाज, अगदी तान्हेपणापासून रडणंच घोगरं असतं आणि लोक सर्दी-खोकला समजून सोडून देतात. बाकी शरीरात:
- पापण्यांच्या कडेला मण्यांसारखी ओळ (ही दिसली की डॉक्टरांना लगेच शंका येते)
- त्वचेवर चट्टे, व्रण, कोपर-गुडघ्यावर जाडपणा
- मेंदूत अमिग्डालाजवळ (भीतीसारख्या भावना हाताळणारा भाग) कॅल्शियम साचणं, त्यातून काहींना फिट्स, काहींना भीती ओळखण्यात अडचण

हे सगळं होतं कारण ईसीएम१ जीन बिघडल्यामुळे त्वचेत आणि आतल्या अस्तरात काचेसारखा गुळगुळीत पदार्थ साचत जातो, बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) तो पीएएस स्टेन या प्रयोगशाळेतल्या रंगाने रंगतो. आईवडील दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही बिघडलेला जीन असला, तरच मुलाला हा आजार होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांमध्ये जास्त सापडतो. मात्र सगळी लक्षणं प्रत्येकात नसतात, आणि नुसता आवाज घोगरा म्हणून हा आजार धरून बसू नका, त्याची साधी कारणं कितीतरी जास्त. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र थांबू नका, स्वरयंत्राजवळ वाट अरुंद झालेली असू शकते.