वेणाबाईंवरून फॅन्टसीची नायिका करू का?

प्रश्न : मी फॅन्टसी कादंबरी लिहितीये, नायिका एका मठाची प्रमुख आहे. मिरजेच्या वेणाबाईंवरून बेतली तर चालेल का? लोक चिडतील का? – एक वाचक, विटा

उत्तर : ताई, नक्की बेता, फक्त नाव आणि चमत्कार तसेच उचलू नका. वेणाबाई बालविधवा, सतराव्या शतकातल्या, तेव्हा विधवेनं चारचौघांत उभं राहून कीर्तन करणं म्हणजे केवढी गोष्ट, आणि त्यांचे गुरू समर्थ रामदासांनी मिरजेचा मठच त्यांच्याकडं सोपवला, वर त्यांनी सीतास्वयंवर लिहिलं ते वेगळंच! मला वाटतं खरी ताकद इथंच आहे, घरच्यांचा विरोध, गावाची कुजबुज आणि तरी हातात मठाचा कारभार. जादू नंतर घाला. एकदा मिरजेच्या मठात जाऊन बसा, मग सज्जनगडावर त्यांची समाधी बघा, आणि समर्थांनी स्थापलेला बहे गावचा मारुती तर कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे, फॅन्टसीला आणखी काय पाहिजे? फ्रान्सच्या लढवय्या जोन ऑफ आर्कचंही वाचा, तिला 1431 ला पाखंडी म्हणून जाळलं आणि 1920 ला चर्चनंच संत केलं, तुमच्या मठातले विरोधक रंगवताना हे फार उपयोगी पडेल. चिडण्याचं म्हणाल तर नाव बदललंत आणि श्रद्धेची टिंगल केली नाहीत तर आपल्याकडची माणसं आवडीनं वाचतील, पहिलं प्रकरण झालं की पाठवा!