जळगावच्या घरी वडिलांच्या जुन्या फ्लॉपी सापडल्यात, त्यांच्या मराठी फाइली आता उघडतील का?

उघडतील भाऊ, पण लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. आपल्याकडचा ४४-४५ अंशांचा मे, त्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी आणि वरून पावसाळ्याची ओल. आधी धातूचं झाकण सरकवा, तबकडी हळूहळू फिरवत उजेडात बघा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. तशीच घातली तर ड्राइव्हचं हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. मी भुसावळला असल्याच घाईत तीन घालवल्या. खर्रखर्र आवाज आला तेव्हा उशीर झाला होता.

साडेतीन इंची, १.४४ एमबीवाली असेल तर यूएसबी ड्राइव्हवर काम होतं. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाहीच म्हणा. एकेक फाइल कॉपी करण्यापेक्षा लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब नक्कल काढा. खराब सेक्टर (तबकडीवरचा छोटा भाग) लागला तर ते अडून बसत नाही, बाकीचं वाचून मग मागे येतं.

सव्वापाच इंची मात्र डोकेदुखी: जुना ड्राइव्ह शोधा, वर तो यूएसबीने आजच्या संगणकाला जोडायला ग्रीसवीझलसारखं कार्ड लागतं.

आणि हो, मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसला तर फाइल गेली समजू नका. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे नव्हते. तोच फॉन्ट टाका, नाहीतर त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा.