विसरलेल्या गोष्टींची वही

पन्नाशी ओलांडलेली माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा वरवरची तक्रार झोपेची असो, चिडचिडीची असो की घरातल्या कुरबुरींची, बोलता बोलता एक भीती हमखास बाहेर येते : "अलीकडे मला फार विसरायला होते, हा स्मृतिभ्रंश तर नसेल ना?" या प्रश्नाला "छे, काहीतरीच काय, वय झाले की असे होतेच" हे उत्तर देणे सोपे असते. मी मात्र ते टाळते, कारण त्याने समोरच्याची भीती जात नाही, फक्त ती आपल्याजवळ बोलून दाखवायची नाही एवढे त्याला कळते. पुढील अनुभवातील व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या गणिताच्या शिक्षिका, वय त्रेपन्न. त्यांच्या आईची शेवटची आठ वर्षे स्मृतिभ्रंशात गेली होती आणि ती बहुतांशी यांच्याच हाताखाली गेली होती. पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. तीन आठवड्यांत जे जे विसरले ते सारे त्यात क्रमांक घालून लिहिले होते, एकूण एक्केचाळीस नोंदी. "मंगळवार, दुपारी सव्वातीन. कपाट उघडले, काय घ्यायचे होते ते आठवेना." "गुरुवार. नव्या सहकारी बाईंचे नाव तिसऱ्यांदा विचारावे लागले." "शनिवार. गॅस बंद केला की नाही हे पाहायला जिन्यावरून परत." गंभीर वाटलेल्या नोंदींखाली लाल शाईची रेघ होती, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना चुकीखाली ओढावी तशी.

विसरण्याचा वार, वेळ आणि क्रम इतक्या अचूकपणे टिपणाऱ्या माणसाची स्मृती फारशी ढासळलेली नसावी, हे माझ्या लगेच मनात आले, पण एका वहीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. मी त्यांना दोन गोष्टी सुचवल्या : आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि पुढच्या भेटीला जवळच्या कोणाला तरी सोबत आणावे. दुसऱ्या सूचनेमागे कारण आहे. साध्या विसराळूपणाची तक्रार बहुधा माणूस स्वतःच करतो, उलट स्मृतिभ्रंशात तो स्वतः "मला काही झालेले नाही" म्हणतो आणि काळजी घरच्यांना लागलेली असते. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, थोड्या वेळात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, वर्षानुवर्षे सहज केलेला हिशेब जमेनासा होणे, स्वभावच पालटल्यासारखा वाटणे, या गोष्टी आधी शेजारच्या माणसाच्या लक्षात येतात. त्यांची धाकटी बहीण आली आणि माझा प्रश्न पुरता ऐकून न घेताच म्हणाली, "ताई लहानपणापासून अशीच आहे हो. दप्तर घरी ठेवून शाळेत गेलेली आहे ती." ताईंना हे रुचले नाही, पण मला हवे होते ते मिळाले. विसराळूपणा किती आहे यापेक्षा पूर्वीच्या मानाने तो किती वाढला आहे हे महत्त्वाचे असते.

तपासणीत थायरॉईड, साखर आणि रक्तदाब ठीक निघाले, ब-१२ जीवनसत्त्व मात्र कमी होते. त्याच्या कमतरतेने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो आणि उपचारही साधा असतो. त्याहून मोलाची गोष्ट औषधांच्या यादीत सापडली. झोप लागत नाही म्हणून त्या काही महिने रोज रात्री अ‍ॅलर्जीची एक जुन्या पिढीची गोळी घेत होत्या, कोणालाही न विचारता. "ते काही झोपेचे औषध नाही," असे त्यांचे म्हणणे. या गटातल्या गोळ्या मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात आणि हेच रसायन लक्ष व स्मरण यांसाठी आवश्यक असते. गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळते, ती वेगळीच. डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला सांगितली. विसरण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता घरातली सगळी औषधे, अगदी "अधूनमधून" घेतलेलीही, डॉक्टरांना दाखवायला सांगते.

वही आम्ही बंद केली नाही. तिच्यात दोन रकाने वाढवले : "त्या वेळी आणखी काय चालले होते?" आणि "आदल्या रात्री किती तास झोप झाली?" गणिताच्या बाईंना हे आवडले. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच बेरीज करून आणली. नव्या तेवीस नोंदींपैकी सतरा वेळा हातात फोन होता, कोणाशी तरी बोलणे चालले होते किंवा डोक्यात पुढच्या तासाची तयारी सुरू होती. बहुतेक नोंदी पाच तासांहून कमी झोप झालेल्या दिवसांच्या होत्या.

इथे मला जे सांगायचे असते ते सांगण्याची संधी मिळाली. आपण ज्याला विसरणे म्हणतो त्यातले पुष्कळसे मुळात विसरणे नसतेच, कारण त्या गोष्टीची नोंदच झालेली नसते. गॅसचे बटण हाताने फिरवले, पण मन दुसरीकडे होते, मग आठवणार काय? मनाच्या पाटीवर एका वेळी मावणाऱ्या गोष्टी फार थोड्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा साताच्या आसपास सांगितला होता, नंतरच्या संशोधकांनी तो चारच्या जवळ आणला. एवढ्याशा पाटीवर फोनमधला निरोप येऊन बसला की कपाटातून काय घ्यायचे होते ते पुसले जाते. यावर त्यांनी जो उपाय धरला तो अगदी साधा होता. गॅस बंद करताना "गॅस बंद केला" असे मोठ्याने म्हणायचे आणि कपाटापुढे अडकले तर तिथेच कपाळ न बडवता, ज्या खोलीत तो विचार सुचला तिथे परत जायचे. पहिले आठ दिवस घरातले हसले.

नावांचे प्रकरण निराळे होते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि पुढे निसटण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे उजळणी लवकर व्हायला हवी, पण ती कशी, हाही प्रश्न आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ज्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला ते पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्यानंतर ज्यांनी न पाहता आठवून लिहिले होते ते पुढे गेले. आठवण्याचा प्रयत्न हीच खरी उजळणी. बाईंनी हे वर्गात मुलांवर कितीदा तरी वापरले असेल, स्वतःवर मात्र कधी नाही. त्या दर संध्याकाळी त्या दिवशी भेटलेल्या नव्या माणसांची नावे आधी मनाने आठवू लागल्या आणि मगच यादी पाहू लागल्या. एकदा, तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा.

झोपेचे काम सर्वांत चिवट निघाले. दिवसभरात टिपलेले पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो, हे पटवून द्यायला दहा मिनिटे लागली आणि रात्री साडेदहाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याची सवय लागायला दोन महिने.

मेंदूच्या व्यायामासाठी कोडी सोडवण्याचे एखादे अ‍ॅप घ्यावे का, असे त्यांनी विचारले. माझे मत असे की कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोडी सोडवण्यात तरबेज होतो. आवडत असतील तर जरूर सोडवावीत, पण त्यावर भिस्त ठेवू नये. चालण्याच्या बाजूने पुरावा अधिक बरा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवी आठवण घडवणारा मेंदूचा भाग, वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. पुढच्या प्रत्येक अभ्यासात तसाच परिणाम दिसला असे नाही, परंतु रक्तदाब, साखर आणि झोप या तिन्हींना चालण्याचा फायदा होतो आणि त्या वाटेने मेंदूलाही. बाईंनी चालण्याऐवजी पोहायला शिकायचे ठरवले. व्यायाम, नवे कौशल्य आणि चार माणसांची संगत एकाच जागी मिळाली, त्यामुळे मी काहीच बोलले नाही.

शेवटी राहिला आईचा प्रश्न, जो त्यांनी चौथ्या भेटीपर्यंत तोंडातून काढला नव्हता. आई किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश झालेला असेल तर धोका काहीसा वाढतो, हे मी लपवले नाही. मात्र एकाच जनुकामुळे थेट पुढच्या पिढीत उतरणारे प्रकार दुर्मीळ असतात आणि बहुधा पासष्टीच्या आतच सुरू होतात. त्यांच्या आईला तो पंचाहत्तरीनंतर झाला होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे चौदा धोके दिले आहेत, आणि ते सगळे टाळता आले तर जगभरातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील असा अंदाज मांडला आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा यांच्यासोबत त्यात कमी ऐकू येणेही आहे. ते ऐकून त्या थबकल्या. आईला शेवटची दहा-बारा वर्षे नीट ऐकू येत नव्हते आणि "या वयात यंत्र कशाला" म्हणून ते राहूनच गेले होते. त्या दिवशी आम्ही स्मृतीबद्दल काहीच बोललो नाही. आईच्या आजारपणाबद्दल बोललो आणि त्या बराच वेळ रडल्या.

सहा महिन्यांनंतरही आठवड्याला चार-पाच नोंदी होतातच, असे त्यांनी सांगितले, पण आता लाल रेघ ओढलेली नसते. मेंदुविकारतज्ज्ञांनी स्मृतीची सविस्तर चाचणी घेऊन आजची पातळी नोंदवून ठेवली आहे आणि वर्षाने ती पुन्हा पाहायची आहे. दरम्यान काही वेगळे जाणवले तर सांगण्याचे काम धाकट्या बहिणीकडे दिले आहे. दप्तराची गोष्ट पुन्हा कोणाला सांगायची नाही, एवढी एकच अट ताईंनी तिला घातली आहे.