रात्री अकरानंतरचे मेसेज

प्रश्न: साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात. मी 25, तो 28. रात्री अकरानंतर त्याचे मेसेज वेगळ्याच वळणावर जातात. तो आवडतो, पण काय लिहावं सुचत नाही. मी इमोजी टाकून विषय बदलते. ताई, तो म्हणतो, 'तू थंड आहेस.'

उत्तर: हसऱ्या इमोजीचा अर्थ 'चालू दे' असाही होतो. तुम्ही लाजताय, घाबरताय की कंटाळलाय, हे त्याला कुठे दिसतंय? एकदा सरळ लिहा: 'असं बोलायला मला आवडेल, पण हळूहळू. आणि काही नको वाटलं तर मी सांगेन.' हा मेसेज रात्री नको, दुपारी पाठवा. ऐन रंगात आलेल्या माणसाला त्यात फक्त नकार ऐकू येतो. राहिला तो शेरा. मुलांशी जास्त बोलू नकोस, हे ऐकत वाढलेल्या मुलीनं अंगठी घातल्या दिवसापासून मोकळं व्हावं, ही अपेक्षा मला तरी अजब वाटते. हळू घेऊ म्हटल्यावर तो कसा वागतो, तेही लग्नाआधीच बघून घ्या.

प्रश्न: नवरा दुबईत, मी नाशिकला सासरी. लग्नाला वर्ष झालं. पलीकडच्या खोलीत सासूबाई, त्यामुळे फोनवर मोकळं बोलता येत नाही. मी मनातलं भरभरून लिहिते, त्याचं उत्तर 'हम्म'.

उत्तर: त्याच्या खोलीत आणखी कोण असतं, विचारलंत कधी? तिथे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे अकरा. तो बहुधा ड्युटीवरून येऊन जेवत असतो आणि तुमचा लांबलचक मेसेज येऊन पडतो. सुट्टीच्या आदल्या रात्रीची वेळ दोघांनी ठरवून घ्या. 'आठवण येते का?' याला 'हो' सोडून काय उत्तर देणार? त्यापेक्षा 'या खेपेला आलास की पहिल्या दिवशी काय करायचं?' असं विचारा. काहींना लिहिणं जमतच नाही. त्याला एकांत मिळेल तेव्हा व्हॉइस मेसेज पाठवू दे, तुम्ही इयरफोन लावून ऐका आणि उत्तर लिहा. निळ्या टिका मोजत बसू नका. भांडण मात्र कॉलवरच.

प्रश्न: मी 23 वर्षांची. बॉयफ्रेंड 'एकदाच दिसणारा' फोटो मागतो. सुरक्षित असतो का?

उत्तर: पूर्ण नाही. व्हॉट्सॲपची ही सोय 2021ची. ॲप स्क्रीनशॉट अडवतं, पण दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढता येतोच. पाठवायचा की नाही, हा निर्णय तुमचा, आणि 'नाही'ला कारण द्यावं लागत नाही. पाठवायचाच असेल तर चेहरा, टॅटू, ओळखीची खोली त्यात नको. आपणच पाठवला, आता तक्रार कशी करणार, असं अनेकींना वाटतं. ते चूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार फोटो काढायला दिलेली संमती म्हणजे तो पसरवायची संमती नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ई हे कलम पुरुषाचा फोटो पसरवला तरीही लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. 'स्टॉपएनसीआयआय' ही मोफत सेवाही आहे: फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्या साइटवर तो फोटो अडवता येतो.

प्रश्न: आईसमोरच गर्लफ्रेंडचा मेसेज स्क्रीनवर झळकला! आता?

उत्तर: नोटिफिकेशनमधला मजकूर बंद करा, चॅट लॉक लावा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं राहिलं असेल, तर तेही आजच लॉगआउट करा.