हळदीत पिऊन पोरं गाड्या चालवतात, गावानं काय करावं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गावात हळदीच्या रात्री दहावी-बारावीची पोरं पितात, मग तिघं-तिघं एका गाडीवर बसून हायवेच्या ढाब्यावर जातात. यावर शाळेत व्यसनमुक्तीचं भाषण ठेवावं, दारूचं दुकान बंद पाडावं की पोलिसांत अर्ज द्यावा? माझं सांगणं असं, की ही तिन्ही कामं नंतर करा. आधी गाडीच्या चाव्यांचं बघा.

मी बीड जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. राहते जवळच्याच खेड्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या लेकरांबद्दल लिहितेय त्यांच्या आया तिथंच आहेत आणि मला रोज भेटतात.

जानेवारीतली रात्र होती. कारखान्यांचा हंगाम भरात होता. पावणेबाराला दोन मुलं आणली, एक १७ वर्षांचा, एक १६ वर्षांचा. उसाच्या ट्रॅक्टरवर मागून आदळली होती. तुमच्याकडंही हे चित्र असेलच: एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. शुद्धीत असलेल्या माणसालासुद्धा तो ट्रॅक्टर जवळ गेल्यावरच दिसतो. मोठा मुलगा आणला तेव्हाच गेलेला होता. धाकटा बीडला नेताना १०८ मध्ये गेला. दोघांच्या शर्टाला ओली हळद होती आणि तोंडाला दारूचा वास.

मोठ्याची आई आली. माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, त्यानं पेलेलं नव्हतं ना?" मी काही बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं, कारण रात्रपाळीला निघायच्या आधी मी त्याच हळदीला जाऊन आले होते. मांडवामागं पोरांच्या हातात प्लास्टिकचे ग्लास बघितले होते. मनात म्हणलं, नवरदेवाचे मामा-काका आहेत, ते बघतील. मामा-काकांनीही असंच म्हणलं असेल, दुसरं कुणीतरी बघेल.

गाडीवर तिसरा मुलगाही होता. तो शेतात फेकला गेला, त्याला फक्त खरचटलं. उठला आणि पळून गेला. आठ दिवसांनी माझ्या घरी आला, उंबऱ्यातच बसला आणि विचारलं, "मावशी, मी तिथं थांबलो असतो तर पोलिसांनी मला धरलं असतं का?" मी त्याला सांगितलं, नाही रे बाळा. गाडी तो चालवत नव्हता. शिवाय अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ त्यासाठीच घातलंय. पण हे त्याला आधी कुणी सांगितलं होतं? दारू वाईट असते हे त्याला शाळेत, घरी, कीर्तनात सगळ्यांनी सांगितलं होतं. मित्र पडला तर पळायचं नाही, १०८ लावायचा, हे एकानंही नाही.

म्हणून भाषणाला मी पहिला नंबर देत नाही.

तेराव्यानंतर आमच्या बचत गटाच्या बायका माझ्या ओट्यावर बसल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, आडवी बाटली करू. तुम्हीही दुकान बंद पाडायचं म्हणताय, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेता येतं, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, ठरलेल्या प्रमाणात मतं पडली तर दुकान बंद होतं. मार्ग चांगला आहे, बायकांनी तो लढून मिळवलाय. पण तो चालतो परवान्याच्या दुकानावर. आमच्या गावात परवान्याचं दुकानच नव्हतं. बाटली येत होती ढाब्यावरून आणि ढाब्यावरून ती आणत होता कुणाचा तरी २६-२७ वर्षांचा चुलतभाऊ. महाराष्ट्रात कडक दारूला वयाची अट २५ वर्षं आहे, सौम्य बिअरला २१. म्हणजे कागदोपत्री बारावीच्या पोराच्या हाती बाटली येऊच शकत नाही. येते ती घरच्याच माणसाच्या हातून येते. तुमच्या गावात बाटली कुठून येते, हे आधी नीट शोधा.

मग गाडीकडं वळलो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात गाडी का असते? लाड हे एक कारण, पण खरं कारण वेगळं निघालं. ज्युनिअर कॉलेज तालुक्याला, १२ किलोमीटरवर. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, त्यामुळं मुली एसटीनं जातात. मुलांना सवलतीचा पास काढावा लागतो, आणि क्लास सुटतो तेव्हा परतीची गाडी निघून गेलेली असते. मग बाप सोयाबीनच्या पैशातून डाऊन पेमेंट भरतो आणि हप्त्यावर गाडी घेऊन देतो. गाडी शिकायला घेतलेली असते, पण रात्रीही ती पोराकडंच असते. १६ वर्षांच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं आणि असली गाडी आता दिसतसुद्धा नाही. आम्ही डेपोत अर्ज दिला, तीन खेपा मारल्या. संध्याकाळची फेरी पाऊण तास पुढं गेली. दारूबंदीच्या कामात एसटीचा अर्ज कशाला, असं सरपंच म्हणाले होते. सगळ्यांत जास्त फरक मला त्या अर्जानंच पडलेला दिसतो.

वडील मंडळींना कायदा सांगितला तेव्हा बैठकीत शांतता झाली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात १७ वर्षांच्या मुलानं महागड्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा त्याचे वडीलही अटकेत गेले आणि दारू देणाऱ्या बारची माणसंही. आमच्याकडं ते टीव्हीवर बघून लोक म्हणाले, पैसेवाल्यांची थेरं. आपल्या दारातली हप्त्याची गाडी त्याच कायद्यात बसते, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

पोरांवर मात्र शिक्षेपेक्षा त्या २५ वर्षांच्या अटीचाच परिणाम झाला. आमच्याकडची निम्मी पोरं पहाटे भरतीसाठी पळतात, पोलीस नाहीतर मिलिटरी. लिव्हर खराब होतं सांगितलं की मान हलवतात आणि विसरतात. लायसन्स नाही म्हणजे चालक पदाचा फॉर्मसुद्धा भरता येणार नाही, हे ऐकल्यावर एकानं मला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

आता हळद. पहिल्या वर्षी आम्ही चूक केली, ती तुम्ही करू नका. ग्रामसभेत ठराव केला की मांडवात दारू नाही आणि दहाला डीजे बंद. झालं काय? दहाला डीजे बंद झाला आणि दहा वाजून दहा मिनिटांनी सात-आठ गाड्या हायवेकडं निघाल्या. आधी निदान मांडवामागं होती, आमच्या ठरावानं ती रस्त्यावर ढकलली. त्या रात्री मी कामावर होते आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला दारात येत होते. कुणाला काही झालं नाही. पुढं मात्र आम्ही शहाणे झालो.

पुढच्या हळदीला मांडवाच्या तोंडाशी हळदीच्या ताटाशेजारी एक मोठी परात ठेवली. येणाऱ्या प्रत्येकानं गाडीची चावी परातीत टाकायची, मग हळद लावून आत जायचं. लहान-मोठा भेद नाही, सरपंचाचीही चावी परातीत. परातीजवळ नवरदेवाची आत्या बसली. पोरं बापाला फसवतात, आत्याला नाही फसवू शकत. निघताना चावी हातात द्यायची ती बोलून, जवळून बघून. १८ च्या आतल्याला चावी द्यायचीच नाही, त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला द्यायची. आणि लग्नघरानं एक काळी-पिवळी रात्री एकपर्यंत ठरवून ठेवायची, वाडी-वस्तीवरच्या पोरांना सोडायला. डीजेच्या खर्चापुढं तिचं भाडं काहीच नाही. दोन-तीन पोरांनी डुप्लिकेट चाव्या आणल्या, तेही झालं. पण बाकीच्यांच्या गाड्या रात्रभर मांडवाजवळच उभ्या राहिल्या.

सगळ्यांत जास्त वाद झाला फोनच्या ठरावावर. ठराव असा: मुलानं रात्री कधीही फोन केला, "मी पेलोय" म्हणला किंवा "ज्याच्या गाडीवर आलो तो पेलाय" म्हणला, तर घरच्यांनी जायचं, आणायचं, आणि त्या रात्री एक शब्द बोलायचा नाही. ना शिवी, ना हात. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर. एक जण उठून म्हणाले, "म्हणजे पेयाला परवानगीच दिली की ओ सिस्टर!" मी त्यांना म्हणाले, मामा, मला रात्री दोन वाजता तुमचं लेकरू ओळखायला तुम्हाला बोलवायचं नाही, एवढंच मागणं आहे. ते खाली बसले. नंतर पहिला फोन त्यांच्याच घरी आला. साडेअकराला मुलगा ढाब्याबाहेरून बोलला. ते आणि शेजारचे, दोघं गेले, एकानं मुलाला आणलं, एकानं गाडी. घरी आल्यावर आईनं भाकरी वाढली आणि खरंच कुणी काही बोललं नाही. मुलगाच रडायला लागला. हे मला त्या मामांनीच सांगितलं, सांगताना त्यांनाही बोलवत नव्हतं.

आईबापांनी एकत्र बसून ठरवण्याला किती जोर असतो याचं एक लांबचं उदाहरण आहे. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात नशा येईपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. पालकांनी आपसात करार केले, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं ते ठरलं, खेळ आणि संगीताला सरकारनं पैसे दिले. तो देश श्रीमंत आहे, कबूल. पण पालकांच्या कराराला पैसे लागत नाहीत. आम्ही शाळेच्या मैदानावर दोन फ्लडलाइट लावून घेतले, रात्री नऊपर्यंत व्हॉलीबॉल चालतो.

ढाब्यावर आम्ही मोर्चा नेला नाही. रात्री मोर्चा नेला की बाचाबाची होते आणि विषय भलतीकडंच जातो. सात जणी दुपारी गेलो, मालक रिकामा असताना. चहा घेतला. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७७ मोठ्या अक्षरात छापून नेलं होतं: मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ७८ ही नेलं, मुलांकरवी दारू विकायला किंवा पोचवायला लावलं तरी तीच शिक्षा, कारण तिथं टेबलावर बाटल्या आणणारा पोरगा चौदाचाही नव्हता. एका ढाब्यानं पाटी लावली आणि पाळली. दुसऱ्यानं पाटी लावली आणि पार्सल सुरू केलं. त्याच्याविरुद्ध राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं लेखी तक्रार दिली आहे. निवडणूक आली की ढाब्यांची बिलं कोण भरतं हे तुम्हालाही माहीत आहे; तिथं आमचं अजून काही चाललेलं नाही.

सिस्टर म्हणून थोडं सांगते, हे पोरांना जरूर सांगा. लिंबू, दही, थंड पाण्याची अंघोळ, कडक कॉफी, कशानंही दारू लवकर उतरत नाही. शरीर तिला आपल्या गतीनं काढतं, साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तामागं १५ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे रात्री भरपूर प्यालेला सकाळी क्लासला निघतो तेव्हाही तो नशेत असू शकतो. कुणी बेशुद्ध पडला तर पाठीवर झोपवू नका, कुशीवर वळवा, उलटी करवू नका, एकटं सोडू नका, १०८ लावा. रोज लागत असेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत नंबरवर बोला. मी हे सप्ताहात महाराजांना लिहून दिलं होतं. त्यांनी कीर्तनात नरकाच्या गोष्टी बाजूला ठेवून "कुशीवर वळवा, पळू नका" एवढं दोनदा म्हणून घेतलं, अख्ख्या मंडपाकडून.

तुमच्याकडं सुरुवात करायची तर ग्रामसभेची वाट बघू नका. येत्या दिवसांत हळद कुणाच्या घरी आहे ते बघा, दुपारच्या वेळी जा आणि नवरदेवाच्या आईला आधी भेटा, वडिलांना नंतर. परात तिच्याच घरातली मागा. काळी-पिवळीवाल्याशी भाडं आधीच बोलून ठेवा, ऐन रात्री ते दुप्पट सांगतात. आणि काही अडलं तर इथंच लिहा, रात्रपाळी नसेल त्या दिवशी मी उत्तर देईन.